हाताच्या चित्राचा निळा ड्रम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कांदे निवडणं. कार्तिक लागला होता, बियाण्याला लावायचे कांदे वेगळे काढायचे होते. ओसरीत पोतं पालथं केलं आणि तीन ढीग घातले. एक लावायचा, एक खायचा, एक शेळीचा. मी एकेक कांदा अंगठ्यानं दाबून बघत होतो. हौसा म्हणाली, "दाबून दाबून तुमीच सडवताय ते. कांद्यावर बी इस्वास न्हाई का तुमचा?"

मी म्हणालो, "वरनं गुळगुळीत दिसतो तोच आतनं नासका निघतो."

"चाळीस वर्सं झाली, मला बी असंच दाबून बघताय," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता छातीवर हात ठेवला. "हितं जड जड वाटतंय," म्हणाली.

हे सोमवारचं. मी ओवा चावायला दिला. मंगळवारी परत म्हणाली, घाम येतोय, पाथर्डीला दाखवून येऊ. मी म्हणालो, गॅस हाय, डॉक्टर आधी सुई टोचतो आणि मग विचारतो काय होतंय. बुधवारी परत म्हणाली. मी म्हणालो, बाजाराच्या दिवशी जाऊ, एका फेरीत दोन कामं होतील. गुरुवारी पहाटे ती चुलीपाशी बसल्या जागी कलंडली. जीप करून नेलं. डॉक्टरनं मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाला, हार्ट बंद पडलं, यायला उशीर केलात.

माझा त्या डॉक्टरवर विश्वास बसला नाही. दहाव्याला आमच्या तिसगावचा वेल्डिंगवाला गफूर आला होता. तो हात धुवायला मागच्या दारी गेला आणि निळ्या ड्रमापाशी थांबला. "चाचा, ह्यातलं पानी पिता तुमी? हे कंपनीचे ड्रम हायेत. काय काय भरल्यालं असतं त्यात." तेवढ्या बोलण्यानं माझ्या डोक्यात किडा शिरला.

ड्रम मीच आणला होता. चैत्रात टँकरचं पाणी साठवायला नगरच्या एका भंगारवाल्याकडून दोन घेतले. एक आमच्या घरी. एक कांद्याच्या टेम्पोवर टाकून राजूरला लेकीकडे, मंदाकडे पाठवला. दोन्हींवर एक चिकटी, म्हणजे चिकटवलेलं लेबल होतं, चिकटीवर हाताचं चित्र आणि हातावर पडणारे थेंब. हात धुवायच्या औषधाचा ड्रम, असं धरून आम्ही घेतला. हौसानं राख आणि काथ्या घेऊन चिकटी पार खरडून काढली, मी पाणी ओतलं. ड्रम नव्यासारखा दिसायला लागला.

आता सरळ सांगतो. ड्रमानं मेली असंल तर दोष भंगारवाल्याचा, कंपनीचा, सरकारचा. ड्रमानं मेली नसंल तर तीन दिवस ती म्हणत होती आणि मी नेलं नाही, हा दोष माझा. मला हे ठरवायचं होतं. मंदाला त्या तीन दिवसांचं मी काही बोललो नव्हतो. मार्गशीर्षात घराला कुलूप लावलं, शेळी गफूरच्या दारात बांधली आणि निघालो. परत आल्यावर गावात जो तो विचारतोय कुठं गेल्ता म्हणून, त्यांच्यासाठी हे लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुकभूल असणारच.

पहिला दिवस. नगर आणि भिंगार

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर ओरडतो नगरच. करंजीच्या घाटात गाडी हळू झाली. ह्याच घाटातून नगरच्या बाजारात कितीतरी वेळा गेलो, दर खेपेला हौसा खिडकीची जागा धरायची. ह्या खेपेला खिडकीत एक माणूस बसला होता आणि सारखा माझ्या पिशवीकडे बघत होता. मी पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत आमच्या ड्रमातल्या पाण्याची एक बाटली होती, तोंडाला फडकं बांधलेली. आणि एक वही. ड्रमाच्या बुडाला इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात, ती मी वहीत उतरवून घेतली होती. वाचता येत नाहीत, पण रांगोळी उतरवावी तशी रेघ न् रेघ उतरवली होती.

भंगारवाल्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. त्याच्या वाड्यात निळ्या ड्रमांची भिंत लागली होती आणि एक बाई खुरप्यानं चिकट्या खरडत बसली होती. मी विचारलं, "चिकट्या का काढता?"

"गिऱ्हाईकाला कोरा ड्रम लागतो," बाई म्हणाली.

भंगारवाल्याला मी म्हणालो, "चैतात दोन ड्रम नेलं हुतं. हात धुवायच्या औषधाचं हाय म्हनून दिलं हुतंस तू."

"मी म्हनालो?" तो म्हणाला. "बाबा, चित्र बघून तुमच्या मंडळीच म्हनाल्या असतील. मी नुसता व्हय म्हनलो असंल. गिऱ्हाईकाला नाय म्हनायची सवय न्हाई मला."

"आत काय हुतं मग?"

"ते कंपनीला इचारा."

"कुठली कंपनी?"

"ते ध्यानात न्हाई."

लबाड माणूस. पण तिथून निघाल्यावर एक गोष्ट मला चावायला लागली. त्या दिवशी हात धुवायचं कोण आधी म्हणालं, तो, हौसा का मी? आठवून बघितलं. मीच म्हणालो असं वाटायला लागलं. मग आठवणं थांबवलं.

भिंगारला गफूरचे मामा राहतात, इस्माईलभाई. लष्कराच्या एका गोदामात त्यांनी नोकरी केली, बिनवर्दीचे. काम एकच, कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा नाही ते बघायचं. आता रिटायर आहेत आणि टँकरच्या ड्रायव्हर लोकांना तेच शिकवतात. असला माल वाहायचा तर ड्रायव्हरला आधी शिकून यावं लागतं, लायसनवर तसा शिक्का लागतो. हे मला तिथंच कळलं.

जुन्या बाजारामागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. म्हणाले, "या रंगनाथराव. गफूरचा फोन आला होता. आधी पाणी घ्या."

मी विचारलं, "पानी कशात भरता?"

"माठात."

"माठ कुठनं आनला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "कुंभाराकडनं आणला भाऊ. तो आमच्या ओळखीचा हाय, जहर नाही घालत." मग मी प्यालो. पाणी गार होतं.

वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि हसले. मला राग आला. ते म्हणाले, "रागावू नका. सुंदर उतरवलंय. पण हे ड्रमाचं आधारकार्ड आहे. ड्रम कधी बनला, कुठं बनला, किती कडक माल सोसू शकतो, एवढंच सांगतं. आत काय होतं ते चिकटीवर असतं."

"चिकटी खरडली."

"कोणी?"

"हौसानं. पानी मी वतलं."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तुमची पिशवी इथं ओता."

मला वाटलं हा माणूस झडती घेतोय. तरी ओतली. त्यांनी माझ्या सामानाचे ढीग करायला सुरुवात केली आणि एक जुनं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. पुस्तकात पतंगासारखे उभे चौकोन होते, वेगवेगळ्या रंगांचे. जगातला सगळा धोक्याचा माल म्हणे नऊ वर्गांत बसवलाय. मुंबईचा असो का परदेशातला, चित्र तेच, आकडा तोच, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. माझी काडेपेटी उचलली, चार नंबरात ठेवली, घासलं की पेटणारं. मोबाईल उचलला, त्यातली बॅटरी नऊ नंबर, कुठंच न बसणारं ते नवात. तंबाखूची पुडी उचलली आणि बाजूला ठेवून दिली.

"तंबाखू कितव्यात?" मी विचारलं.

"ती अजून सरकारनं कशातच घातली नाही. ती कितव्यात घालायची ते तुमचं तुम्ही ठरवा."

बाकीचं त्यांनी माझ्याच घरातलं विचारून सांगितलं. दिवाळीतले फटाके एक नंबर. गॅसची टाकी दोन. रॉकेल, पेट्रोल तीन. पिकाला देतो त्यातली काही पांढरी खतं पाच, ती स्वतः जळत नाहीत पण जळत्याला जोर देतात, म्हणून रॉकेलशेजारी ठेवायची नाहीत. उंदराचं औषध, फवारणीचं औषध सहा, कवटीचं चित्र. सात नंबर दवाखान्यातल्या किरणांचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी आठ. मी मनात घर फिरून आलो. सात सोडून सगळं माझ्या माळ्यावर होतं, तेही एकमेकाला खेटून. घरी आल्यावर आधी ते वेगळं केलं. तुम्हीही बघा.

मग त्यांनी पान उलटलं आणि मी बोट ठेवलं. "ह्यो."

तोच हात. वर कललेल्या नळ्या, खाली पडणारे थेंब.

"हा आठ," ते म्हणाले. "जाळणारा माल. रंगनाथराव, हा हात कोणी धुवत नाहीये. नीट बघा, हाताला खड्डा पडलाय. शेजारी लोखंडाची पट्टी आहे, तिलापण खड्डा. जे लोखंडाला खातं ते हाताला खातं, असं सांगतंय चित्र."

मी पुस्तक दारापाशी उजेडात नेलं. खरंच खड्डा होता. कोरोनाच्या वर्षात शाळेवर, पंचायतीवर, एसटीत, जिथं तिथं हात धुवायचं चित्र लावलेलं होतं. हात आणि थेंब दिसला की धुणं, एवढंच डोक्यात बसलं होतं.

"मंग ह्यानंच मेली," मी म्हणालो.

"असं नाही म्हणता येत. आठ नंबरात शेकडो माल आहेत. कुठला ते चार आकड्यांवरून कळतं. तो नंबर चिकटीवर होता, तुमची चिकटी गेली. दुसरा ड्रम आहे ना लेकीकडे? जावयाला सांगा फोटो पाठवायला. दोन मिनिटांचं काम."

मी नाही म्हणालो. फोटोत लोक काय वाट्टेल ते करतात. आणि फोटो मागवला की मंदा विचारणार कशाला, ते खरं कारण. इस्माईलभाईंनी जास्त विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तिचा ड्रम बंद करा मात्र. आमच्या गोदामात नियम होता, रिकामा ड्रम भरलेलाच समजायचा."

जेवायला पिठलं आणि बाजरीची भाकरी होती. मी भाकरी उलटून बघितली, उगीच. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करून करून जेवू घालतात, इथं भाभीनं टोपलं मध्ये ठेवलं आणि म्हणाली, लागंल तशी घ्या. बरं वाटलं. जेवण झाल्यावर तिनं न विचारता नवऱ्याच्या तळव्यावर एक गोळी ठेवली, त्यानं न बघता गिळली. मी भिंतीकडे बघत बसलो. निजायच्या आधी मी इस्माईलभाईंना विचारलं, "गोळी कशाची?"

"हार्टची," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. हिनं ओढत नेलं होतं मला."

दुसरा दिवस. कोल्हारला उतरवलं

निघताना इस्माईलभाईंनी एक गोष्ट बजावली होती. जो माल देतो त्यानं नेणाऱ्याला सांगायचं असतं की आत काय आहे. लपवून चढवणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा. मी हे मनावर घेतलं आणि फसलो.

संगमनेरच्या गाडीत बसलो. राहुरीपर्यंत दोन्हीकडे ऊस. आमच्याकडे तूर सुकून उभी आणि इथं पाटाचं पाणी रस्त्याला लागून वाहतंय, एकाच जिल्ह्यात. ह्या लोकांना पाणी साठवायला ड्रम लागत नसणार असं मनात आलं, आणि नेमकं एका वस्तीवर चार निळे ड्रम ओळीनं उभे दिसले. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "बाबा, बाटलीत काय? रॉकेल चालत न्हाई गाडीत."

"रॉकेल न्हाई. पानी हाय."

"मंग फडकं कशाला बांधलंय?"

आता सांगायचं ठरलेलं होतं. म्हणालो, "इख असंल. नक्की न्हाई. आठ नंबर असंल न्हाईतर सहा."

शेजारची बाई लेकरू उचलून पुढं गेली. मागच्या शिटावरून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा कुठं जाऊन पितोय बघा." एक म्हातारी माझ्याजवळ येऊन समजुतीनं बोलायला लागली, बाबा, पोरंबाळं असतील, असलं मनात आणू नका. मी म्हणालो, बाई, मला मरायचं न्हाई, मला तपासायचं हाय. कोणी ऐकंना. कोल्हार आलं तसं कंडक्टरनं मला उतरवलं आणि स्वतः समोर उभं राहून बाटली गटारात ओतायला लावली. "मी जबाबदारी न्हाई घेनार," म्हणाला. माझ्या हौसानं भरलेलं शेवटचं पाणी होतं ते. तिनं बुधवारी भरलं होतं, त्यानंतर मी त्या ड्रमात नवं पाणी ओतलं नव्हतं.

दुसऱ्या गाडीला वेळ होता. टपरीवर चहा घेतला आणि रस्त्याकडे बघत बसलो. जन्मभर टँकर बघितले पण त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय ते कधी बघितलं नव्हतं. आता दिसायला लागलं. ज्वाळेचं चित्र, तीन. परत ज्वाळा. मग एक हात, आठ. माझ्यासमोरून आठ नंबर भरधाव जात होता आणि मागं मोटारसायकलवर नवरा-बायको बाळ घेऊन चिकटून चालले होते. सांगणार कोणाला?

एक टँकर टपरीपाशी थांबला होता, मागं ज्वाळा आणि तीनचा आकडा. ड्रायव्हर त्याच्या चाकाला टेकून बिडी ओढत होता. मी जाऊन त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

"काय बाबा, काय बघताय?"

"तीन नंबर हाय तुझा. आन् बिडी वढतोय."

"गाडी रिकामी हाय."

"रिकामी म्हंजे भरल्यालीच समजायची."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आरटीओत हायेत का तुमी?" म्हणाला. बिडी विझवली आणि तरातरा गाडी घेऊन गेला. टपरीवाला हसला. महिन्याभरात कोणीतरी माझं ऐकलं ते हे पहिल्यांदा.

संगमनेर, मग अकोले. अकोल्याच्या पुढं डोंगर जवळ आले, भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, हवा थंड. राजूर म्हणजे डोंगरातल्या वाड्यांची बाजारपेठ. पेढ्याच्या दुकानांवरून खव्याचा वास येतो. पाव किलो घेतले, आधी एक फोडून बघितला.

राजूर

मंदा ओसरीत भात पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, रडली. मग पाण्याचा तांब्या आणला. मी विचारलं, "कुठल्या ड्रमातलं?"

"मागच्या. निळ्या. तुमीच दिल्याला."

मी तांब्या परत दिला. लेकीच्या दारात तहानलेला बाप पाणी नाकारतोय हे शेजारणीनं बघितलं, मंदाचा चेहरा उतरला. "माझ्या घरचं पानी बी चालंना का आण्णा? आय गेली म्हनून?"

"तसं न्हाई. ड्रम नीट न्हाई. बघू दे मला."

जावई दत्तू शेतातून आला होता. सुपारी कातरत म्हणाला, "मामा, आठ महिनं झालं पितोय आमी. कुनाला काय झालं न्हाई."

"तुमच्या सासूला झालं."

हे तोंडातून निघून गेलं. मंदानं ऐकलं. "म्हंजे?" म्हणाली. मी मागच्या दारी गेलो.

ड्रमावर गोणपाट टाकलेलं होतं. काढलं. ह्यांनी चिकटी खरडली नव्हती, पावसानं वरचा निम्मा भाग सोलला होता. खालच्या निम्म्यावर हात होता, खड्डा पडलेला. मी आधी बूड बघायचं म्हणालो. तिघांनी मिळून पाणी ओतून दिलं आणि ड्रम आडवा केला. वही काढली. दत्तू कॉलेजात एक वर्ष गेलेला, तो एकेक अक्षर वाचत गेला आणि माझ्या वहीशी ताडत गेला. सगळं जुळलं, महिनासुद्धा. दोन्ही ड्रम एकाच खेपेचे.

"आता चार आकडं सोध," मी म्हणालो.

त्यानं ओल्या फडक्यानं चिकटी पुसली. "येक, सात, नऊ, येक."

इस्माईलभाईंना फोन लावला. दत्तूनं आवाज मोठा करून मोबाईल ड्रमावरच ठेवला. आकडे सांगितले. पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.

"हायपो आहे," ते म्हणाले. "रंगनाथराव, तुमच्या पंचायतीचा शिपाई टाकीत टाकतो ना, पाणी शुद्ध करायचं औषध? ते. पण कंपनीत येतं ते तीव्र, म्हणून आठ नंबर."

"त्यानं मानूस मरतो का?"

"भरलेला ड्रम तोंडाला लावला तर मरेल. घसा जळेल, त्याच दिवशी. तुम्ही ड्रम किती वेळा धुतला?"

"हौसानं चार वेळा धुतला. राखेनं."

"मग त्यात काही राहिलं नाही. सात महिन्यांनी छाती जड होऊन, घाम येऊन माणूस जातो ते ह्यानं नाही. आणि तुम्हीही तेच पाणी प्यालात ना?"

"त्याच्या आधी दुसरं काय भरल्यालं असंल तर?"

"असू शकतं. म्हणून त्यातलं पिऊ नका, लेकीलाही देऊ नका. पण तुम्ही मला जे विचारायला आलात त्याचं उत्तर मी देतोय. ह्या ड्रमानं नाही गेल्या त्या." मग ते म्हणाले, "ऐकू येतंय ना?"

मी म्हणालो, ऐकू येतंय.

मला तेव्हा इस्माईलभाईंचाही संशय आला. कंपनीवाल्यांशी ह्यांचं रोजचं उठणं-बसणं, ते कंपनीचंच बोलणार. पुस्तक त्यांचं, चष्मा त्यांचा. दत्तूला म्हणालो, परत वाच. त्यानं परत वाचलं. मग त्यानं त्याच्या मोबाईलवर तो आकडा टाकून बघितला, तिथंही तेच आलं. मी स्वतः चिकटीपाशी खाली बसून आकडे बघितले. इंग्रजी आकडे मला येतात. एक, सात, नऊ, एक. संशय घ्यायला जागा उरली नाही.

मंदा सगळं ऐकत उभी होती. म्हणाली, "आय काय ड्रमानं गेली असं वाटलं का तुमाला? म्हनून आला का हितवर?"

"व्हय."

"मंग कशानं गेली?"

"डॉक्टर म्हनतो हार्ट."

"ते मला बी ठावं हाय. एकाएकी कसं काय झालं म्हनते मी?"

दत्तूनं विषय बदलला. ड्रमाचं काय करायचं म्हणाला, शेजारचा मागतोय. मी म्हणालो, कोणालाही द्यायचा नाही, विकायचा नाही. सळई तापवून बुडाला पाच-सहा भोकं पाडली, म्हणजे परत त्यात कोणी काही भरणार नाही. प्लास्टिक जळाल्याचा वास परसभर झाला. घरात पितळी हंडा होता, तो मंदानं चिंचेनं घासून काढला आणि शेजारच्या नळावर भरला.

रात्री काळभात केला होता तिनं, डोंगरातला वासाचा भात, वर हुलग्याचं कढण. आमच्याकडे भात म्हणजे सणाला किंवा आजाऱ्याला, इथं तो रोजचा. ती वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला. पाठ टेकली तशी झोप लागली. महिन्यात पहिल्यांदा लागली आणि त्याची सकाळी मला लाज वाटली.

सकाळी उठलो. दत्तू गुरं घेऊन गेला होता. मंदा चुलीपुढं नाचणीच्या भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसलो, तोंड बाहेर करून, डोंगराकडे. धुकं होतं. म्हणालो, "मंदे, तुझी आय सोमवारी म्हनाली छाती जड वाटती. मंगळवारी म्हनाली पाथर्डीला चला. बुधवारी बी म्हनाली. मी नेलं न्हाई. म्हनालो बाजाराच्या दिवशी जाऊ."

मागं भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मंग ड्रमामागं कशाला हिंडत बसला?" ती म्हणाली.

"दोष ड्रमावर जावा म्हनून."

भाकरीचा जळका वास यायला लागला तरी ती तवा उतरवंना. मग म्हणाली, "बुधवारी तिनं मला बी फोन केल्ता. माझी भाताची मळनी चालली हुती. मी म्हनलं, मला न्हाई यायला जमत, आण्णांना सांग, ते नेतील." तिचा आवाज फाटला. "म्हैना झाला, कुनाला बोलले न्हाई मी."

मी उंबऱ्यातून उठलो, आत गेलो, तवा फडक्यानं धरून खाली उतरवला आणि चुलीपाशी तिच्याशेजारी जाऊन बसलो.